‘घेतलं’ म्हणजे ‘झालं’ नव्हे

४ ऑगस्ट
पुन्हा तेच. आमच्या कंपनीच्या स्टोरेज बॉक्समध्ये फायली एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होताना मधूनच खराब होतात. आज एका गिऱ्हाइकाचे एक्स-रे उघडेनात. मी घरून काम करते, म्हणून टीम लीड केदार पुण्याहून म्हणतो, "तुमच्या मोहाडीचं नेटवर्क असेल." बॉक्स तिकडे, बिघाड तिकडे, आणि दोष मोहाडीला! यापुढे फक्त के. लिहीन, पूर्ण नाव लिहायचीही इच्छा नाही.

६ ऑगस्ट
सापडलं. कर्नल, म्हणजे बॉक्सच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एनक्रिप्शनचं काम वेगळ्या चिपकडे देतो. ती असिंक्रोनस. लगेच फक्त "घेतलं" म्हणते, काम मागाहून. आमचा कोड "घेतलं" ऐकून "झालं" समजतो आणि ती मेमरी दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. मग चिप सावकाश तिथेच लिहिते, दुसऱ्याच्या डेटावर. इतकी ढोबळ चूक, आणि रिव्ह्यूत सगळे झोपलेले.
उपाय सोपा: चिपऐवजी मुख्य प्रोसेसरनेच सिंक्रोनस करावं, हातातलं संपवून मगच पुढे. मोजून पाहिलं. आमच्या छोट्या तुकड्यांना उलट तेच वेगवान.

७ ऑगस्ट
के.: "मग चिप कशाला घेतली? ब्रोशरवर छापलंय."
त्याचा उपाय काय, तर चिपला काम दिलं की थोडं थांबायचं आणि झालं असं धरून चालायचं. थोडं म्हणजे किती? "टेस्टमध्ये चालतंय ना!" अरे, टेस्टमध्ये चिपला दुसरं काम असतं कुठे? डोकं तापलं.

८ ऑगस्ट
आमच्या विणकरांच्या घरी रंगाऱ्याकडे सूत टाकलं म्हणून कुणी लगेच मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावत नाही. सूत परत येतं, बाबा हाताने दाबून बघतात, कोरडं लागलं की मगच मागाकडे वळतात. इंजिनिअरांना एवढंही...
बाबांना हे सांगितलं तर त्यांचं भलतंच.
"सायबासंग काहून भांडून राहिली वो? नवकरी जाईन ना अशानं."
मी जेवलेच नाही नीट.

११ ऑगस्ट
हद्द झाली! के.ने त्याचा थांबण्याचा पॅच, म्हणजे कोडची दुरुस्ती, कर्नल लिहिणाऱ्यांच्या जगभरच्या मेलिंग लिस्टवर पाठवला. खाली सही माझी! मला न विचारता! ती सही म्हणजे 'या कोडची हमी मी घेते'. आणि ती तिथे कायम राहते.
फोन केला. "अगं, चूक तूच शोधलीस ना? तुझंच नाव होईल. चिडतेस काय!" चोर तो चोर, वर शिरजोर.
बाबांनी मागावरून सगळं ऐकलं. परवापर्यंत नोकरीला जपणारा माणूस, हातातला धोटा ठेवून उठला.
"तुले न इचारता तुयं नाव टाकलं? लिवून टाक, माही सही नाही म्हनून."
"आणि नोकरी?"
"ते मंग पाहू."

१२ ऑगस्ट
लिहिलं. त्याच लिस्टवर, सगळ्यांसमोर. ही सही माझी नाही. हा पॅच लोकांचा डेटा बिघडवेल, कारण अमुक. सोबत माझा सिंक्रोनस पॅच, माझ्या सहीने. तीनदा वाचून मगच बटण दाबलं. रागाने की भीतीने, कोण जाणे. दोन्ही असेल.
बाबा दारातून, "झालं काय वो?"
"पाठवलं," म्हटलं. झालं म्हणवेना.
फोन वाजतोय. के.