पिठाच्या डब्याखालचा अर्ज

त्या सकाळी मी जळक्या विटांवरचा चुना खरवडत होते. धड विटा उजवीकडे, फुटक्या डावीकडे. लढाई संपून पाच वर्षे झाली होती आणि आम्ही पंधरा कुटुंबे आमच्या जळालेल्या गावी, ब्रेझिकला, परतलो होतो. घरे बांधून देणाऱ्या संस्थेचे अर्ज सगळ्यांचे मीच भरले, कारण वाचायला मी माझी मीच शिकले होते. दोन अंगणांमधल्या लहान दारातून शेजारीण देवलेता आली.

“शेफिका, आमचा कागद गेला का गं?”

“गेला की. केव्हाच.”

कागद माझ्या पिठाच्या डब्याखाली होता.

हे आधी लिहिले, कारण खालचे सगळे त्यातून निघते. आता मृत्युपत्राच्या रीतीप्रमाणे: मी शेफिका शाबिच, अव्दो शाबिच यांची विधवा, वय एकाहत्तर, गुडघे सोडल्यास धडधाकट, डोके ठिकाणावर, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने पुढील व्यवस्था लिहून ठेवते.

१. आलुबुखाराची अकरा झाडे पुतण्या नेर्मिन याला. तो नॉर्वेहून फोनवर दरवेळी म्हणतो, “काकू, घर विकून टाका ना, तिथे आहे काय आता?” घर त्याला नाही. फळे सडू देऊ नयेत.

२. माझी एकोणतीस पुस्तके शाळेला. शब्दकोशाची शेवटची पाने शोधू नयेत. निर्वासित छावणीत त्या पानांवर चूल पेटवली.

३. राहते घर, चुलीसकट, देवलेता व तिचा नवरा हाकिया यांना. हे मी मायेने देत नाही. हाकिया तुरुंग-छावणीतून जिवंत आला. अव्दोचा तेव्हा पत्ताच नव्हता. पुढे तो शवपेटीत, हिरव्या कापडाखाली आला, हाडे सापडली तेवढी, अर्धाच. तिला नवरा मिळाला, आता छप्परही तिलाच का, असे माझ्या मनात आले आणि मी तिचा अर्ज दाबून ठेवला. तीन आठवड्यांनी काढला, तोवर यादी बंद झाली होती. चौदा घरांचे सामान आले. ती दोघे दोन हिवाळे प्लास्टिकखाली राहिली.

सामान आले त्याच उन्हाळ्यात माझे छप्पर हाकियाने घातले. देवलेता खालून ओरडली, “अहो, आपलं कधी?” तो वरून म्हणाला, “आधी वहिनींचं. त्यांना कोण आहे?”

आमच्याकडे आढे चढले की कारागिराला भेट म्हणून आढ्याला शर्ट बांधतात. माझ्यापाशी अव्दोचा होता, पण तो मी लपवला आणि बाजारातून नवा आणला. हाकियाने तो फाटेपर्यंत वापरला.

त्याचा खोकला त्या हिवाळ्यांतला आहे. भिंतीपलीकडून ऐकू येतो, मग तिचा आवाज येतो, “घ्या, दोन घोट गरम घ्या.” मला अजून हेवा वाटतो. माझ्या घरात खोकणारेही कोणी नाही.

४. अव्दोचा करडा शर्ट हाकियाला. तेव्हाच द्यायचा होता.

५. माझी कबर अव्दोशेजारी. दफनाला देवलेताने यायचे की नाही, ते तिने ठरवावे. कलम तीन तिला मी गेल्यावर वाचून दाखवावे, तिला अक्षरओळख नाही.

साक्षीदार झुम्रा हिने सही करण्याआधी हे वाचले आणि लेखणी खाली ठेवली.

“मेल्यावर कबुली? सोयीचं आहे बाई! वाचून दाखवायचं मी, तिच्या तोंडाकडे बघायचं मी, आणि तू मातीत आरामात!”

“सही कर.”

“करते. पण भित्री आहेस तू, शेफिका.”

तिने सही केली. हेही इथे नोंदवून ठेवते.

सही: शेफिका शाबिच
साक्षीदार: १. झुम्रा हादझिच, शेतकरीण २. इब्रो कारिच, टपालवाला
ब्रेझिक, १४ ऑक्टोबर २०१९

पुरवणी, १६ ऑक्टोबर. कलम चार रद्द समजावे. सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शर्टाला इस्त्री केली, लहान दारातून पलीकडे गेले आणि हे सगळे देवलेताला व हाकियाला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवले.