सुईनंतरचे सहा तास

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

आज कारखान्यात काजूगर निवडताना मान अशी धरली की टेबलावरून उठताच येईना. तीन वर्षं झाली! एक्स-रे चांगला, एमआरआय चांगला. सासूबाईंचं आपलं एकच — "फोटोत काय दिसणा नाय, मगे दुखता खंय?" ह्यांनी लगेच सुनावलं, "आये, तिका दुखता. तू गप रव." माझा नवरा असा नसता तर मी कधीच वेडी झाले असते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कुडाळला महिन्यातून दोन शुक्रवार एक डॉक्टरीणबाई येतात. त्यांनी पालथं निजवून, पडद्यावर बघत बघत मानेच्या सांध्यापाशी सुई घातली. म्हणाल्या, "हा इलाज नाही, परीक्षा आहे. सहा तास नस बधिर राहील. घरी जाऊन जे केल्यावर दुखतं तेच करा. दर तासाला शून्य ते दहा आकडा लिहा. दुखणं गेलं तर पुन्हा एकदा खात्री करू, मग ती नस जाळू. वर्षभर तरी आराम पडेल. नाही गेलं, तर माझ्याकडे दुसरं काही नाही."

घरी येते तो खाट मांडलेली! सासूबाई घाबरून गेलेल्या. "मानेत सुई घातल्यानी! हलू नको गो बाय." गरम पेज दिली. शेजारच्या सावित्रीकाकी बिस्किटं घेऊन आल्या. अठरा वर्षांत ह्या घरात मला कुणी दिवसाढवळ्या झोपवलं नव्हतं. झोपले. कागदावर १, १, ०, १, ०, १.

सोमवार, १० नोव्हेंबर

फोनवर आकडे सांगितले. डॉक्टरीणबाई खूश. "काम काय काय केलंत?" पडून होते म्हटलं. त्यांनी विचारलं — "एरवी पडून असताना दुखते का मान?"

नाही दुखत.

सुई फुकट गेली. मूर्ख बाई मी, मूर्ख!

बुधवार, १९ नोव्हेंबर

परवा पुन्हा सुई. ह्या वेळी दुखणं नाही गेलं तर? मग साठीपर्यंत हे असंच? ह्याने माणूस मरतही नाही! भात शिजत होता तिथेच बसून रडले. ह्यांनी मानेला तेल चोळलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सुई झाली. सासूबाई खाट मांडत होत्या, मी उचलून भिंतीला लावली. आडाळ्यावर बसले. मान खाली घालून चार नारळ खवले. अंगण झाडलं. विहिरीचं पाणी ओढलं.

०. ०. ०. ०. ०. ०! मला मान आहे हेच विसरले. खोबरं खवता खवता रडत होते. सासूबाई म्हणाल्या, "आता कित्या रडतंस?"

शनिवार, २२ नोव्हेंबर

दुखणं परत आलं. यायचंच होतं. सकाळी चहा देताना ह्यांना आकड्यांचा कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. मग माझ्याकडे नवलाने बघत म्हणाले, "म्हंजे तुका खराच दुखत होता?"