रिकामे चौकोन

२ ऑक्टोबर
नोकरी लागली. युनिक्ससारखी जुनी संगणकप्रणाली येणारा माणूस हल्ली कुठे लागतो तरी का, असं मेहुण्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं. लागतो म्हणावं. अनुवादाचं कार्यालय आहे, दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या खिडक्यांचं. यंत्रं जुनी, पण सगळी युनिक्सची. ती बदलायला कुणी धजत नाही, त्यात माझं फावलं. भाड्याची जागाही मिळाली. महिनाअखेरीस बायको आणि लेक ठकी येतील. ठकीने फोनवर विचारलं की तिला वेगळी खोली असेल का. मी ठोकून दिलं, असेल म्हणून.

६ ऑक्टोबर
काम कळलं. अनुवादक बाई दिवसभर ब्राउझरमध्ये सिरिलिक, म्हणजे रशियनच्या लिपीतली पानं वाचतात. यंत्रात त्या लिपीचा फॉन्ट नसेल तर प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. इथे फॉन्ट आहे, पण त्याला फॉन्ट म्हणायचं म्हणजे कमालच. माझ्या आधीच्या माणसाने जाळीत ठिपका ठिपका भरून एकेक अक्षर हाताने काढलंय, दातेरी आणि वाकडं. बाई म्हणाल्या, कसाही दिसो, त्याला हात तेवढा लावू नका. तो माणूस कुठे गेला विचारलं, तर म्हणाल्या, शेवटी त्याने स्वतःच इथून पळ काढला.

८ ऑक्टोबर
हात लावला. साहेबांवर छाप पाडायची होती, खोटं कशाला बोलू. नवा देखणा फॉन्ट आणून फोल्डरमध्ये टाकला, जुना पुसला, फॉन्टांची सूची नव्याने बनवायची कमांड दिली, ब्राउझर बंद करून उघडला. पानं लख्ख. साहेब पाठ थोपटून गेले. बाई नुसता चष्मा पुसत बसल्या.

१३ ऑक्टोबर
कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची पाटी पुसल्यासारखी वाटली. जवळ गेलो, तर पाटीवर ओळीने चौकोन. डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे मात्र सगळा तक्ता मी घडाघडा वाचला. डोळे ठणठणीत आहेत म्हणाले, स्क्रीनपुढे जरा कमी बसा. त्याच स्क्रीनवर माझं पोट चालतं, हे त्यांना कोण सांगणार.

१७ ऑक्टोबर
आज साहेबांना चेहरा नव्हता. कॉलर, टाय आणि वर बारीक काळ्या रेघेचा चौकोन. त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. चौकोन म्हणाला, काम झकास चाललंय. मी हो साहेब, हो साहेब करत राहिलो. माझी लाचारी बघून मलाच किळस आली.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. हे पूर्वीपासून आहे, म्हणाल्या. इथे जे जे दिसेनासं होई ते तो माणूस त्या जुन्या फॉन्टमध्ये, अक्षरांच्या पुढच्या मोकळ्या जागांत ठिपक्यांनी काढून ठेवी, सूची नव्याने बनवी, की ते परत दिसे. पाट्या, साहेब, त्या स्वतः. आधी का नाही बोललात, म्हणून मी आवाज चढवला. त्यांनी विचारलं, बोलले असते तर ऐकलं असतंत का.

१९ ऑक्टोबर
जुना फॉन्ट परत आणायला बॅकअप उघडला. तो मूळ यंत्राची हुबेहूब नक्कल ठेवतो, म्हणजे इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. ही सोय आल्या आल्या मीच करून ठेवली होती. शहाणपणा नडला.

२२ ऑक्टोबर
बाईंचा चेहरा गेला. त्यांच्या आईने त्यांना दारातून आत घेतलं नाही. म्हणजे हे नुसतं माझ्या डोळ्यांचं नाही—
बायकोला फोन केला, ठकीला इथे आणू नकोस म्हटलं. ती म्हणाली, दादा म्हणतो तेच खरं, नोकरी गेलेली दिसतेय. येतेच आता, बघतेच.

२५ ऑक्टोबर
घरून ऑफिसच्या यंत्रात शिरलो. जाळी उघडली. ठकीला आधीच काढून ठेवतो, म्हणजे इथे आली तरी पुसली जाणार नाही. फोटो बघून काढावं, तर फोटोंतही चौकोन. आठवून काढतोय. कपाळ. भुवया. डोळे, जरा तिरपे. नाक माझ्यासारखं बसकं— एक रेघ पुरे. तोंड आठवत नाही. हसताना खळी पडते, ती डाव्या गालाला की— कसला बाप मी.

२६ ऑक्टोबर
तोंड राहिलंय. खोडतोय, पुन्हा काढतोय. काढलंय तेवढं लागू होतं का, ते बघायला सूची बनवून टाकली. अर्धवट काम चालू यंत्रावर कधी टाकू नये, हे नव्या लोकांना मीच शिकवायचो. तोंड उद्या सकाळी. त्या दुपारी येणार—

२७ ऑक्टोबर
लवकर आल्या. दार उघडलं. ठकीला चेहरा आहे. मी काढला तोच. दातेरी, ठिपक्यांचा.

डोळे तिरपे. नाकाच्या जागी रेघ. खाली कोरी कातडी.

बायको ठकीला धरून ओरडतेय, दारापर्यंत धड होती, माझ्या पोरीला काय केलंत— जाळी उघडत नाहीये. यंत्र हळू. ती उघडेपर्यंत लिहितोय—

ठकी रडतेय. आवाज बाहेर येत नाही. छाती वर— खाली— वर—

नाकपुड्या. नाकपुड्या मी काढल्याच नाहीत. तिला श्वास—

उघडली. आधी तोंड. कसंही. नुसती एक फट, एवढी फट काढली तरी ती—