तपासणाऱ्याची सही

दि. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझा निबंध पोहोचला. दिवसभर सैन्यातील पॅराशूटांच्या घड्या घालायच्या आणि उरल्या वेळात पदवीचे शेवटचे वर्ष पुरे करायचे, हे दोन डगरींवर हात ठेवणे मला प्रथमपासून नामंजूर आहे. तथापि दारी आलेल्या विद्येस विन्मुख पाठवू नये, म्हणून निबंध तीनदा वाचला. एकाच्या हातच्या कामावर दुसऱ्याचा जीव असेल, तेव्हा तपासणी कशी असावी, हा विषय उत्तम. भाषा मात्र इतकी उघडीबोडकी, की मला हुडहुडी भरली! सबब आरंभी ईशस्तवनाची दोन पाने जोडली आहेत आणि आत जागोजागी विशेषणे पेरली आहेत. दोरीला नुसती दोरी काय म्हणतेस? ती प्राणरक्षणतत्पर आहे. शेवटी नेहमीप्रमाणे तांबड्या शाईत सही केली आहे.

तुझी आजी म्हणते, की नातीला घड्या घालण्याचा पगार मिळतो आणि सुट्टीत घरी आली की तिचे पांघरूण जमिनीवर लोळत असते. मी मध्ये पडलो नाही.

देव तुझ्या दोन्ही डगरी सांभाळो.
तुझे आजोबा


दि. १९ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आजीला सांगा, पांघरूण घेऊन कुणी विमानातून उडी मारत नाही.

आता खरी गोष्ट. तुमची पानं आली तो निबंध द्यायचा शेवटचा दिवस होता. पॅराशूटांच्या घड्या घालतो त्या आमच्या शेडचा नियम असा, की घडी अर्धी असताना कुणी बोलावलं, तर सगळी मोडून पहिल्यापासून घालायची. त्या दिवशी मला तीनदा बोलावणं आलं. मग निबंध न वाचताच पाकिटात घातला. त्यात हाताची सवय नडली. इथे प्रत्येक पॅराशूटबरोबर एक कार्ड असतं: घडी कुणी घातली, तपासली कुणी. मी तसंच कार्ड भरलं, ‘घडी: मी. तपासणी: आजोबा’, आणि तुमच्या सहीशेजारी चिकटवून दिलं!

आमच्या प्राध्यापक बाईंनी बोलावून विचारलं, की हे आजोबा कोण, आणि निबंधात तू कुठे आहेस. त्यांना वाटतंय सगळाच तुमचा आहे. निबंध बाद झाला तर पदवी गेली. उंचावर काम करणाऱ्यांचे सुरक्षा-पट्टे बनवणाऱ्या एका कारखान्याने तपासनिसाची जागा माझ्यासाठी मार्चअखेरपर्यंतच धरून ठेवली आहे, तीही पदवीच्या अटीवर. आणि माझी इथली मुदतही तेव्हाच संपते. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं!

मी बाईंना सांगितलं, की आमच्याकडे घडीबद्दल शंका आली तर वाद घालत नाहीत; घालणाऱ्यालाच ते पॅराशूट बांधून उडी मारायला लावतात. बाईंना हे फारच आवडलं. पाच मार्चला कागद हातात न घेता उत्तरं द्यायची आहेत. शिवाय म्हणाल्या, की तपासणाऱ्याची सही आहे, तर त्यांनीही यावं. तेव्हा कोटाला इस्त्री करा.

रागावला असाल तरी माया पातळ करू नका.
तुमची भिंगरी


दि. २४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून प्रथम संताप आला, मग लाज. शिष्याच्या पाटीवर गुरूने अक्षर काढू नये, हे मी चाळीस वर्षे वर्गात सांगितले आणि घरच्या नातीची पाटी मात्र भरून टाकली. देवाची स्तुती लिहिताना मला देवापेक्षा माझी भाषा अधिक आवडली, हेही त्याच्यासमोर कबूल केले आहे.

आजीचे म्हणणे असे, की स्वतः घातलेल्या घडीत आता स्वतःच बसा. येतो. आदल्या दिवशी तुझी शेडही पाहीन.

धीर सोडू नकोस. चूक माझी आहे, ती तशीच सांगेन.
तुझे आजोबा


दि. ७ मार्च

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

पास! आजीला आधी सांगा, मग पुढचं वाचा.

तुम्ही कबुली देऊन बाहेर बाकावर जप करत बसलात, त्यानंतर बाईंनी मला तासभर पिळून काढलं. प्रत्येक वाक्य का लिहिलं ते विचारलं. माझं होतं ते मी सांगू शकले. तुमचं होतं तिथे तुमचं म्हणाले. बाईंनी ईशस्तवन आणि एकतीस विशेषणं खोडली. एकच विशेषण ठेवलं. मी नुसतं ‘तपासणारा’ लिहिलं होतं, त्याआधी तुम्ही ‘साशंक’ घातलं होतंत. बाई म्हणाल्या, की हा शब्द खरा आहे, पण तळटीपेत आजोबांचा उल्लेख हवा. तो केला आहे.

एप्रिलपासून कारखाना. शेड मात्र सोडलेली नाही. महिन्यातून दोन दिवस राखीव दलात घड्या घालीन.

दुसरी डगर लहान झाली, एवढ्यावर समाधान माना.
तुमची भिंगरी


दि. १२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या आजीने तपासले. सात विशेषणे गळाली.

शेडच्या दारात मी तुला हाक मारली. तू मान वर केलीस, हसलीस आणि समोरची जवळजवळ पुरी झालेली घडी मोडून पुन्हा आरंभ केलास. मी तासभर उभा राहिलो. कोणाच्या तरी जिवासाठी तू आजोबांनाही थांबवतेस, हे पाहिले. कारखान्यातही हेच करशील. डगरी दोन दिसतात, पण खालचा डोंगर एकच आहे. माझी हरकत मी मागे घेतो.

आजीने पांघरुणाविषयीची तिची हरकत कायम ठेवली आहे. सोबत कार्ड जोडले आहे.

घडी: आजोबा.
तपासणी: आजी (साशंक).