आत्याबाईचा आवाज

गोरेगाव,
१२ एप्रिल २००१

आत्याबाई,

आपल्या योगेश्वरीचं लग्न जमलं. तुले बोलावणं धाडाले बसलो, पण हात चालून नाही राहिला.

पाहुणे आले तवा तू आतून म्हटलं, "आले जी, पाय धुवाले पाणी घेऊन आले." तसा नवरदेवाचा आजा, पुनारामजी, चमकला. "ही बोलायची ढब मी ऐकली आहे. लहानपणी बैलबंडीनं गोंदियाले जाऊन बोलपट पाहिला होता. त्यातली बाई अशीच बोले."

तरुणपणी तू बोलपटात काम केलं, हे आपण घरातच झाकून ठेवलं होतं. सिनेमातली बाई घरात निघाली तर पोरीचं लग्न मोडन, अशी धडकी भरली मले. तेवढ्यात तू पाण्यानं भरलेला गुंड घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, "आवाज बायकोचा होता जी. ही कामवाली. मुकी आहे."

मले लहानाचं मोठं करणारी तू, एका क्षणात मुकी झाली. हातानंच "घ्या" म्हटलं. पुनारामजीनं पुन्हा वर पाहिलं नाही.

पाहुणे गेले, तरी तू बोलली नाही. सकाळच्या एसटीनं अर्जुनी मोरगावले, तुझ्या बहिणीच्या लेकीकडे निघून गेली.

आता लग्नाले ये, असं कसं लिहू? मांडवात पुनारामजी राहतीलच. तिथंही तुले मुकंच राहा लागन.

आणि मी म्हटलं, तर तू राहशील.

तुझा म्हणवायची लाज वाटणारा,
गुलाबचंद