गळ्याचं माप

११ फेब्रुवारी

बोलायचं नाही, मान झटकन वळवायची नाही, जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. मग माणसाने करायचं काय? भिंतीकडे बघत बसले. भिंतीला एक तडा आहे, तो पाठ झाला.

दवाखान्यातून घरी पाऊल टाकलं तशी बारकीने ही वही हातात ठेवली. "आई, बोलायचं ते हिच्याशी बोल. आमच्या कानांना जरा सुट्टी!" लेक माझीच, जिभेला हाड नाही.

आरशात बघितलं. पट्टीच्या कडेने थोडं दिसतंय. थायरॉइडची गाठ काढली तिथे, गळ्याच्या बुडाशी आडवी चीर — आणि डावीकडे सूतभर खाली उतरलीय! मी ड्रेसचा असा गळा कापला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता.

१२ फेब्रुवारी

ओठांभोवती मुंग्या. मग बोटांच्या टोकांना. बोटं गेली तर कात्री कशी धरू? यांनी दवाखान्यात फोन लावला. नर्स एकदम शांत. "होतं असं. कॅल्शियम उतरलंय. सांगते तशी गोळी वाढवा, नाही थांबलं तर लगेच घेऊन या." गोळी चावून खाल्ली. चव थेट खडूची. शिंपिणीला खडू खायला लावला!

थांबल्या मुंग्या. पण अजून बोटं एकमेकांवर घासून बघतेय.

१५ फेब्रुवारी

आवाज फाटलेलाच. हाक मारली की घरातले एकमेकांकडे बघतात — कोण आलं?

दुकान वन्सं एकट्या सांभाळताहेत. मी कापायचं, त्यांनी शिवायचं, लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. नणंद-भावजय एका कात्रीवर इतकी वर्षं नांदतात म्हणून लोक आम्हाला बघायला येतात, वर एखादा ड्रेसही शिवून घेतात. गाठ त्यांनीच आधी बघितली. "वहिनी, तुमचा गळा उजवीकडे भरल्यासारखा दिसतोय." मी म्हटलं, खाल्लेलं अंगाला लागतंय! रोज बायकांच्या गळ्यांभोवती टेप फिरवते, आणि स्वतःचा गळा कधी नीट बघितला नाही. दिव्याखाली अंधार.

१९ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. गाठ वाईटच होती. पण अख्खी निघाली, आजूबाजूला काही नाही. ही एक गोळी जन्मभर, मधूनमधून रक्त तपासायचं, बस्स. डॉक्टर म्हणाले, "सुटलात." मी त्यांना मनात गळेकापू म्हणते. माणूस मात्र मऊ बोलतो. आणि धंद्याने मीही गळेकापूच, उगाच नावं कशाला ठेवू?

निघताना त्यांनी बारकीकडे बघितलं. "मुलगी ना तुमची? एकदा हिच्याही गळ्याची सोनोग्राफी करून घ्या. घाबरायचं काही नाही, पण टाळू नका."

झालं. माझ्या रिपोर्टचा आनंद तिथल्या तिथे विरला. रिक्षात बसल्या बसल्या विचारलं — कधी करतेस? "करते गं. वेळ मिळाला की." चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते दिवसभर. स्वतःचा गळा तपासायला वेळ नाही!

२० फेब्रुवारी

सकाळी उठल्या उठल्या गोळी, आणि मग तासभर चहा नाही. गाठबीठ काही नाही, खरा आजार हा आहे.

२३ फेब्रुवारी

बारकी कामावरून आली ती कोपराच्या आत कापूस चिकटवून. "रक्तदान होतं." म्हटलं, शाबास! दोन ग्लास सरबत पाजलं.

२७ फेब्रुवारी

जेवताना तिच्या घशाकडे बघते. घोट गिळताना काही वर-खाली होतं का. आज तिला कळलं. खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसली.

"सोनोग्राफीचं काय झालं?"

"आई, माझा गळा आहे. माझं मी बघेन."

हे म्हणाले, जेवू दे तिला. मला म्हणतात जेवू दे! मी काय तिच्या ताटातलं काढून घेत होते? मला भीती वाटते, एवढंच. माझ्या गाठीची वाटली नव्हती इतकी वाटते. हे कुणाला सांगणार? फाटक्या आवाजात काही सांगायला गेलं की भांडल्यासारखंच वाटतं.

३ मार्च

दुकानात गेले! मशीनच्या तेलाचा वास आला आणि डोळ्यांत पाणी. वन्संनी कात्रीला धार लावून ठेवली होती. "घ्या तुमची सवत." गळ्याला रुमाल बांधून बसले. जी येते ती रुमालाकडेच बघते. एकीने तर विचारलं, सर्दी झालीय का?

बारकी जेवणाच्या सुट्टीत कापड घेऊन आली. गर्द हिरवं सॅटिन, हातातून पाण्यासारखं निसटणारं. महिनाअखेरीला मैत्रिणीचं लग्न आहे. "आई, गळा मोकळा हवा. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. पुढून खोल. अगदी खोल." आजवर ही पोर कॉलरच्या शर्टाबाहेर पडली नाही!

टेप घेऊन पुढे झाले तर मागे सरकली. पिशवीतून जुना ड्रेस काढला. "याच्यावरून घे माप." मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वीचा आहे, अंग बदलतं. "नाही बदलत. घे यावरून." अंगाला हात लावू दिला नाही.

लहानपणी टेप बघून दोन्ही हात पसरून उभी राहायची. आता माझा हात नको. हाताचं काय, चीरच बघवत नसेल तिला. लागलं मनाला. खूप लागलं.

७ मार्च

बँकेतल्या बाईंनी ड्रेस परत आणला. "अहो, गुदमरायला होतं यात!" बघितलं तर गळा बोटभर वर. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका. हा या आठवड्यातला चौथा. सगळ्यांचे गळे वर चाललेत."

टेप तपासली, ठीक. खूण तपासली, ठीक. खुणेवरूनच कापते मी, आंधळी नाही! मग वन्संनी समोर उभं राहून मला कापायला लावलं. कात्री खुणेवर ठेवली, चालवली — आणि हात आपोआप वर. मी बघत होते आणि तो जात होता!

 

१० मार्च

बसवत नाही. छातीत धडधड, हाताला कंप. सकाळपासून तिन्ही कपाटं रिकामी करून भरली. पडद्यांच्या कडा उसवून पुन्हा घातल्या. यांच्या पँटची शिवण चांगली होती, ती पण उसवली. हे म्हणाले, "घटकाभर बसशील का?" बसले. बसले की जास्त धडधडतं. उठले. बुटांचा कप्पा राहिला होता.

कुणी नुसतं "काय?" म्हटलं तरी डोक्यात तिडीक जाते.

१४ मार्च

रक्ताचा रिपोर्ट. गोळी जास्त होत होती! गळेकापूंनी कमी करून दिली. "चिडचिड, धडधड, झोप नाही, सगळं त्याचंच. थोडे दिवस जातील, बसेल हळूहळू."

घरी येऊन ठणकावून सांगितलं — मी चिडकी नाही, गोळी चिडकी होती! हे म्हणाले, "आणि ऑपरेशनच्या आधी कुठली गोळी होती?" बारकी इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. चीर ओढली गेली, दुखली, तरी हसले.

मग हसता हसता ती उठून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

१८ मार्च

हिरवं सॅटिन कापलं.

खडूने खूण केली, तिने सांगितली तशीच, खांद्यापासून खांद्यापर्यंत, खोल. मग पुसली. चार बोटं वर केली. या वेळी हात आपोआप गेला नाही, मीच नेला. लग्नात पंखे असतात, वारा लागेल. सॅटिन घसरतं. खोल गळा नंतर वर नेता येत नाही, वरचा गळा केव्हाही खोल करता येतो — कटिंग शिकायला लागले तेव्हाचा पहिला धडा. अशी सगळी कारणं स्वतःला देत होते.

खरं एकच. उघडा गळा मला बघवत नाही. बघितला की वाटतं, इथे कुणीतरी कात्री लावणार.

२० मार्च

ट्रायल. घालून बाहेर आली, आरशात बघितलं, रंगच उडाला चेहऱ्याचा.

"हा काय गळा आहे?"

"झाकलेला बरा दिसतो."

"कुणाला बरा? तुला? मी काय सांगितलं होतं?"

"अगं, लोक बघतात..."

"बघू देत की! बघण्यासाठीच हवाय!" आणि मग, "तुझा कापला म्हणून तू जगभरातले गळे झाकत सुटणार का?"

मला उत्तर द्यायचं होतं. आवाज निघालाच नाही, नुसती हवा. ड्रेस काढून टेबलावर ठेवला तिने, घडीसुद्धा घातली, आणि गेली. आदळआपट केली असती तर मला रागावता तरी आलं असतं.

गळा काढून रडावं म्हटलं, तर तेवढाही गळा उरलेला नाही.

२१ मार्च

बोलत नाही. मीही नाही. हे दोघींच्या मधे मीठ-पाणी पोचवताहेत.

२३ मार्च

वन्संनी आज घेतलंच मला फैलावर. "तुमची खूण तुम्हाला लपवायचीय, लपवा. पोरीला कशाला बटणं लावता गळ्यापर्यंत? आमच्या भावाला इतकी वर्षं तुमची जीभ दिसतेय, तो नाही पळून गेला. ही एवढीशी चीर बघून कोण पळणार आहे?"

मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. त्या म्हणाल्या, "नाहीच कळायचं. पण गिऱ्हाइकं परत येताहेत ते कळतं."

मग काय वाटलं कोण जाणे, रुमाल सोडला. वारा लागला गळ्याला, कितीतरी दिवसांनी! पहिलीच बाई आली तिने विचारलं, "बाई गं, हे काय झालं?" म्हटलं, "कात्री घसरली." ती हसली, मी हसले, आणि मग ती सरळ ड्रेसचं बोलायला लागली. एवढंच होतं! तिचा गळा कापला. खुणेवर. हात जागचा हलला नाही.

बारकीचा ड्रेस टेबलाखाली पिशवीत तसाच आहे. तिला उद्या म्हणेन, चल, करते खोल. मीच म्हणेन आधी. आई झाले म्हणून काय झालं? पण सोनोग्राफीचा विषय सोडणार नाही. तेवढा एक हट्ट माझा.

२४ मार्च

मी बोलायच्या आधी तीच आली दुकानात. टेप उचलून माझ्या हातात दिली. "घे माप. अंगावरून घे." आणि माझं बोट धरून स्वतःच्या गळ्याला लावलं. डावीकडे. तिने घोट गिळला तशी बोटाखालून गाठ सरकली. वाटाण्याएवढी.

डॉक्टर म्हणाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफीला गेली होती. एकटी. मग रक्त, मग सुईची तपासणी. गळेकापू तेच. तारीख घेतलीय, लग्नाच्या पुढच्या आठवड्यातली. "सांगणार होते गं. तुझी गोळी बसू दे म्हटलं आधी." आणि मग, अगदी हळू, "एकदा मोकळ्या गळ्याचा घालायचा होता, आई. कापायच्या आधी. फोटोत तरी राहील."

ती समोर उभी असतानाच कापला. तिने सांगितला होता त्याहून बोटभर खोल. सरळ कापला.