नळीखालचा शिक्का

गार्दोने, १२ नोव्हेंबर

प्रिय ऑर्नेला,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण गेले आठ दिवस ते खिशात घालून हिंडतो आहे. “तिनो, भर मैदानात खरं बोलणारा तू एकटाच निघालास. बाबांनी मात्र फसवलं. त्यांच्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला मी येणार नाही.” एरवी कुणी माझं कौतुक केलं की मी कोंबड्यासारखा मान ताठ करून चालतो, हे तुला ठाऊक आहे. या वेळी बायकोनं विचारलं, नणंदबाईंनी काय लिहिलंय, तर म्हटलं, हवापाण्याचं. फोनच करणार होतो. पण फोनवर तू मध्येच “जाऊ दे रे” म्हणशील आणि मी खुशाल जाऊ देईन, म्हणून लिहायला बसलो.

इकडे सगळं बरं आहे. डोंगरावर बर्फ लवकर उतरलं. कारखान्यानं मला निवृत्त केलं, तरी अवघड गिऱ्हाईक आलं की बोलावतात. परवा एक जर्मन आला होता. जुन्या घडणीचं नवं पिस्तूल हातात घेऊन विचारतो, नक्कल आहे, टिकेल ना? मी म्हटलं, साहेब, काचेच्या कपाटात ठेवायचं असेल तर दहापट मोजून अस्सल घ्या. रोज उडवायचं असेल तर हे घ्या. आमच्या खोऱ्यातली प्रत्येक नळी सरकारी तपासणीत दुप्पट बार सोसून येते, तेव्हाच तिच्यावर शिक्का आणि वर्षाची दोन अक्षरं पडतात. दीडशे वर्षांच्या लोखंडात कुठे चीर आहे ते देव जाणे. नक्कल करण्यात लाज कसली, नक्कल म्हणून विकली की झालं. चाळीस वर्षं हे पाठ म्हणतो आहे, पण परवा शेवटच्या वाक्याला जीभ अडखळली. जर्मनाला वाटलं, म्हाताऱ्याला धाप लागली.

सप्टेंबरातला तो रविवार विसरून जाऊ म्हणतेस. मला नाही विसरता येत. स्पर्धेत ठासणीच्या पिस्तुलांचे दोन गट, एकात अस्सल जुनी, दुसऱ्यात नव्या नकला. आणि तू पणजोबा जोझुएंचं पिस्तूल घेऊन अस्सलांत उभी. दहा गोळ्या, चौऱ्याण्णव गुण. आर्मांदो बेल्लेरी दुसरा आला आणि लालबुंद झाला. “दीडशे वर्षांची नळी अशी मारते? मग माझी आजीही उठून नाचेल!” म्हणत त्यानं तक्रार केली. पंच म्हणाले, नळी लाकडातून काढून बघू. आणि हत्यारं दिली कुणाच्या हातात? माझ्या. खोऱ्यात माझ्याइतका विश्वासाचा हात नाही म्हणे! मी पाचर ठोकून काढली, नळी उलटी केली. पोटाशी शिक्का आणि बावीस वर्षांपूर्वीची अक्षरं. पंचांनी विचारलं, “सांग तिनो, जुनी की नवी?” मी चष्मा लावला, काढून पुसला, पुन्हा लावला. सगळं नाटक. म्हणालो, “नवी आहे. मी हिला कधी लाकडातून काढलंच नव्हतं.” मागून कुणीतरी बोललं, “बात्तिस्ताची पोरगी चोर निघाली.” तू पदक काढून टेबलावर ठेवलंस आणि पिशवी आवरायला लागलीस.

गाडीत तू म्हणालीस, “अस्सल बाबांनीच विकलं असणार. त्याच वर्षी छप्पर नवं केलं ना आपण?” मी म्हणालो, “असेल.” एवढंच. ऑर्नेला, त्या एका शब्दाची मला जितकी लाज वाटते, तितकी आयुष्यात कशाची वाटली नाही. तुझ्या मनात माझ्याबद्दल शंकासुद्धा आली नाही. क्लबानं तुला दोन वर्षं बंदी घातली, तू बाबांचा फोटो भिंतीवरून उतरवलास, आणि मी घरी येऊन मक्याचा पोलेंटा खाल्ला आणि वर वाढून घेतला.

आता सांगतो. तू एकोणीस वर्षांची होतीस. पिस्तुलाचा घोडा ढिला झाला म्हणून बाबांनी ते माझ्याकडे कारखान्यात दिलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी काम करणारा मुत्ती आणि मी वाद घालत बसलो होतो. तो म्हणाला, “तुझ्या पणजोबांची नळी नुसती शोभेची रे. आपली दुप्पट बार सोसते, ती सोसेल का?” दुसरीकडच्या माणसानं हसून पुढचा घास घेतला असता. पण आपल्या खोऱ्यातल्या माणसाला नळीची परीक्षा म्हटली की भूतच चढतं. मी पिस्तूल बाकाला बांधलं, दुप्पट दारू ठासली, आडोशाला गेलो आणि दोरी ओढली. नळी शेंगेसारखी उकलली, लाकडाच्या चिरफळ्या झाल्या. घोडा तेवढा शाबूत राहिला, तोच दुरुस्त करायचा होता. मुत्तीनं मरेपर्यंत हे कुणाला सांगितलं नाही. त्याच्यापुरतं तेवढं पुण्य.

सहा आठवडे बाबांना थापा मारत राहिलो आणि रोज कारखाना सुटला की नवं पिस्तूल घडवलं. अक्रोडाच्या सालीच्या पाण्यानं लाकूड काळवंडलं, नळी व्हिनेगरात मुरवली, आईच्या वाफ्यात पंधरा दिवस पुरून ठेवली. पणजोबांची आद्याक्षरं कोरली, त्यांचा हात जरा वाकडा होता तसा माझाही वाकडा केला. त्या नळीवर शिक्का नसता तर जन्मात कुणाला कळलं नसतं. पण बाबा ते डोळ्यांपुढे धरून उडवणार, तेव्हा बिनतपासणीची नळी द्यायला मन धजेना. तपासून आणली, शिक्का लाकडाखाली जाईल असा बसवून घेतला. मग म्हणालो, पाचर जुनी आहे, काढू नका, साफसफाईला माझ्याकडेच आणा. बावीस वर्षं तू ते माझ्याकडे आणत राहिलीस, दर वेळी बरोबर काहीतरी खायला घेऊन. मी ते खातही होतो.

आणि बाबा. मी समजत होतो, मी त्यांना बनवलं. परत दिलं त्या दिवशी आम्ही दोघेच मैदानावर गेलो. जुनं पिस्तूल चार बोटं डावीकडे मारायचं, म्हणून ते जन्मभर उजवीकडे नेम धरत आले. त्या दिवशीही तसाच धरला आणि पाचही गोळ्या उजवीकडे गेल्या. पिस्तूल त्यांनी हातात तोललं, बराच वेळ नळीवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या पाच वेळा नेम सरळ मधोमध धरला. मग पुसता पुसता म्हणाले, “हे आता पोरीच्या हातात देता येईल.” जुन्याला त्यांनी तुला कधी बोटही लावू दिलं नव्हतं, तू किती रडायचीस! दुसऱ्याच दिवशी तुला दिलं. त्यांना सगळं कळलं होतं, ऑर्नेला. मला लाज वाटू नये म्हणून बोलले नाहीत. आणि मी त्यांना चोर ठरू दिलं.

काल संध्याकाळी क्लबाच्या सभेत हे सगळं उभं राहून सांगितलं आणि लिहून सही केली. आर्मांदोनंसुद्धा मान खाली घातली. तुझी बंदी उठली. मला क्लबातून काढलं, ते योग्यच झालं. पंचांनी त्या दिवशीचे कागद पाहिले. नकलांच्या गटात पहिल्या आलेल्याचे ब्याण्णव होते, तुझे चौऱ्याण्णव. गावातून तुला कळायच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून हे घाईनं लिहिलं. मला माफ कर असं म्हणत नाही, तेवढं तोंड नाही. फक्त रविवारी बाबांच्या प्रार्थनेला ये, पहिल्या बाकावर बस. मी समोर नको असेन तर त्या दिवशी येणार नाही. बाबांना तू दोन महिने जे जे बोललीस, ते सगळं माझ्या वाट्याचं होतं.

तुझाच, पण भाऊ म्हणायचं की नाही ते तू ठरव,
फाउस्तिनो